स्वरलेखन आहे, स्वरवाचन कोठे आहे?

दिवाळीच्या सुट्टीत सदाशिव पेठेत बहिणीकडे गेलो असता बारा वर्षांची भाची मोबाइल हातात घेऊन बसलेली दिसली. मुलांच्या हातातील मोबाइलविषयी प्राध्यापकाने जे बोलावयाचे असते ते बोलण्याच्या बेतात मी होतो. पण पडद्याकडे पाहिले आणि थांबलो. पडद्यावर पाच आडव्या रेषा होत्या. त्या रेषांवरून काळे ठिपके उजवीकडून डावीकडे सरकत येत होते, आणि ठिपका एका उभ्या रेघेपाशी पोचला की त्याच क्षणी भाची तळाशी काढलेल्या स्वरपट्ट्यांपैकी एकीवर बोट ठेवीत होती. बोट वेळेवर पडले तर ठिपका हिरवा होई, मागेपुढे झाले तर तांबडा. पाश्चात्य अभिजात संगीताची स्वरलिपी वाचावयास शिकविणारा तो खेळ होता. दोन महिन्यांत, कोणाही शिक्षकाच्या मदतीवाचून, पूर्वी कधी न ऐकलेल्या सोप्या धुना ती केवळ डोळ्यांनी वाचून वाजवू लागली होती.

हीच मुलगी चार वर्षे पेटी शिकते आहे. संगीताच्या दोन परीक्षा तिने चांगल्या गुणांनी दिल्या आहेत. मी कौतुकाने मेहुण्यांच्या कपाटातून पंडित भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'चा दुसरा भाग काढला, यमन रागातील एक चीज तिच्यापुढे ठेविली आणि वाजवावयास सांगितले. तिने पान नीट पाहिले आणि सरळपणे म्हणाली, "मामा, ही आम्हाला शिकवलेली नाही."

या उत्तरात तिचा काही दोष नव्हता. तिच्या शिक्षकांचाही नव्हता. परंतु ते उत्तर मनातून जाईना. वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचावयास दिली असता चौथीतील मुलाने "ही आम्हाला शिकवलेली नाही" असे म्हटले, तर त्या मुलास वाचता येते असे आपण म्हणू काय? शिकविलेला धडा पाठ म्हणणे निराळे आणि न शिकविलेला मजकूर वाचणे निराळे. पहिल्यास पाठांतर म्हणतात. साक्षरता दुसऱ्यास म्हणतात. आपल्या संगीताला लिपी लाभून शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या लिपीत लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणारे किती आहेत, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस क्वचितच विचारतो. एका परक्या लिपीच्या खेळाने तो माझ्यापुढे आणून उभा केला.

शंभर वर्षांची मिळकत

ही लिपी कोठून आली हे थोडक्यात आठवणे येथे अप्रस्तुत होणार नाही, कारण या कथेतील बरीच पात्रे आपल्याच प्रांतातील आहेत. 1874 साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. त्याच वर्षी बंगालमध्ये शिक्षण खात्यातील एक इंग्रज अधिकारी क्लार्क यांनी हिंदी संगीतासाठी युरोपातील पाच रेषांची लिपी स्वीकारावी असे प्रतिपादन केले, आणि सौरींद्रमोहन टागोर यांनी त्यास उत्तर देऊन देशी लिपीचा कैवार घेतला. म्हणजे माझ्या भाचीच्या मोबाइलमुळे उपस्थित झालेला वाद दीडशे वर्षांचा जुना आहे. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी शिकविली.

यानंतर दोन विष्णूंनी हे कार्य हाती घेतले. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि विद्यार्थ्यांसाठी आपल्या लिपीतील पुस्तके छापली. मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूस ठेवून देशभर प्रवास केला, रामपूर-जयपूरच्या घराण्यांकडून चिजा मिळविल्या, आणि त्या सहा भागांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'त मराठी माणसांपुढे ठेविल्या. हजाराहून अधिक चिजांचे हे भांडार आहे. उस्तादांच्या घरात पिढ्यान्पिढ्या बंद असलेली मिळकत सार्वजनिक करावी, ज्याला इच्छा असेल त्याने ती घ्यावी, हा त्यामागील हेतू होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर खाजगी मालमत्तेचे सार्वजनिक संपत्तीत रूपांतर करण्याचा तो एक मोठा प्रयोग होता.

परंतु सार्वजनिक विहीर खणली म्हणजे काम संपत नाही. पोहरा प्रत्येकाच्या हाती असावा लागतो. येथे पोहरा म्हणजे वाचनाचा सराव. तो आपण दिला नाही. विद्यार्थी आधी गुरूच्या तोंडून चीज ऐकतो, पाठ करतो आणि मग परीक्षेसाठी तिची स्वरलिपी वहीत उतरवून घेतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली बिंदू, तार सप्तकास वर बिंदू, समेस फुली, खालीस शून्य, हे सारे तो बिनचूक मांडतो. पण ही सारी मांडणी मागाहूनची आहे. जे ठाऊक आहे त्याची ती नोंद होय. जे ठाऊक नाही ते मिळविण्याचे ते साधन झालेले नाही. लिपीचा उपयोग आपण जमाखर्चाच्या वहीसारखा केला, पुस्तकासारखा केला नाही.

वाचता येण्याचे मोल

वाचता येण्याने काय साधते, याचे उदाहरण शोधण्यास युरोपात जाण्याचे कारण नाही. ते गोव्यात आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी शिकविली जाई. मुलाने वाद्य हाती धरण्याआधी स्वर वाचून म्हणावयाचे, ही तेथील शिस्त होती. या शिक्षणाचा हेतू उपासनेतील गायनापुरता होता. परंतु त्याचे आर्थिक फळ पुढे भलत्याच ठिकाणी लागले. मुंबईत बोलपटांचा धंदा वाढला, वाद्यवृंद मोठे झाले, आणि कागद समोर ठेवताच वाजविणारा वादक हवा अशी मागणी निर्माण झाली. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे तासावर असते. पन्नास वादकांना एकेक ओळ ऐकवून शिकवावयाची तर दिवस जातो. पन्नास वादक वाचणारे असतील तर दोन तालमींत काम होते. ही मागणी गोव्याच्या मंडळींनी पुरविली. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावांशिवाय त्या काळातील हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिता येणार नाही. आपले सी. रामचंद्र यांच्या 1951 च्या 'अलबेला'तील चालींमागे चिक चॉकलेट यांचे साहाय्य होते, आणि प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे.

प्रतिभा एकट्या गोव्यातच होती असे नव्हे. महाराष्ट्रात, उत्तरेत, बंगालमध्ये कानाने ऐकून वाजविणारे असामान्य कलावंत होते. फरक इतकाच की वाचता येणे ही एक जास्तीची मिळकत होती आणि ती गोव्यातील सामान्य कुटुंबांतील मुलांस विनामूल्य मिळाली होती. साक्षरतेचा हा गुण सर्वत्र सारखाच आहे: प्रतिभावंतास तिची गरज कमी भासते, सामान्यास ती उभे करते.

खेळ काय शिकवितो

आता खेळाकडे वळू. मोबाइलवरील ताललयीचे खेळ नवे नाहीत. 2005 च्या सुमारास परदेशात घराघरांतून लोकप्रिय झालेल्या 'गिटार हिरो'त रंगीत खुणा सरकत येत आणि खेळणारा त्या वेळेवर दाबी. पण त्या खुणा म्हणजे लिपी नव्हती, त्यामुळे खेळ संपला की हाती काही उरत नसे. पुढे कल्पक लोकांनी रंगीत खुणांच्या जागी खरे स्वर ठेविले. भाषा शिकविणाऱ्या 'ड्युओलिंगो'ने 2023 साली संगीतवाचनाचा वर्ग सुरू केला, यावरून या व्यवसायाची दिशा ध्यानी येईल.

या खेळाचे मर्म तीन गोष्टींत आहे. पाठ लहान असतो; चूक त्याच क्षणी दिसते; आणि लय थांबत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. पुस्तकातील स्वरलिपी वाचताना विद्यार्थी अडला की थांबतो, बोट ठेवतो, विचार करतो आणि पुढे जातो. अशा वाचनात अक्षरे कळतात, पण गाणे कळत नाही. खेळ त्यास थांबू देत नाही. चूक झाली तरी पुढील मात्रा येणारच, हे त्याच्या अंगवळणी पडते. अकराव्या शतकात ग्वीदो नावाच्या इटालियन साधूने रेषांवरील स्वरलेखनाची पद्धत बसविली, तेव्हा पूर्वी गायकास तयार होण्यास जी दहा वर्षे लागत ती आता एक-दोन वर्षांवर आली असा त्याचा दावा होता. त्याच्या दाव्यात शिक्षकाचा अभिमान असेल. पण वाचनाने शिकण्याचा काळ आखडतो, ही गोष्ट खरी.

आणि गंमत अशी की अशा खेळास पाच रेषांच्या लिपीहून भातखंडे यांची लिपी काही बाबतीत अधिक सोयीची आहे. तिचे पान मुळातच मात्रांचे कोष्टक असते. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर व तेरावीवर टाळी, नववीवर खाली. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस. पडद्यावर हे कोष्टक मांडून त्यावरून एक दिवा मात्रेमात्रेने सरकविला की खेळ तयार. आपली मुले पहिल्या दिवसापासून हाताने टाळी-खाली धरीतच असतात. बोटाने पडदा दाबणे त्याहून निराळे नाही. मध्यलयीतील पुष्कळ चिजा नवव्या मात्रेपासून उठतात आणि सम आठ मात्रांनंतर येते. ही समेची वाट पाहणे मुलास खेळातून जितके कळेल तितके व्याख्येतून कळणार नाही. शिवाय या लिपीतील षड्ज स्थिर नाही, तो ज्याचा त्याचा आहे. यंत्राने प्रारंभी एवढेच विचारावयाचे की तुझा षड्ज कोणता, पांढरी चार की काळी एक? त्यानंतर तेच पान सर्वांस चालते.

बाजार हे का करणार नाही

मग असा खेळ कोणी का करीत नाही? येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास उत्तर शोधावे लागत नाही. खेळ तयार करण्याचा खर्च एकदाच आणि मोठा असतो. पुढे तो एकाने खेळला काय किंवा लाखाने, खर्चात फारसा फरक पडत नाही. पाच रेषांची लिपी जाणू इच्छिणारे गिऱ्हाईक जगभर आहे. पहिले काही धडे फुकट देऊन पुढे वार्षिक वर्गणी घेण्याचा धंदा तेथे चालतो. भातखंडे यांची लिपी जाणू इच्छिणारे गिऱ्हाईक त्या मानाने थोडे, आणि तेही शंभर रुपयांची वर्गणी देताना दोनदा विचार करणारे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. पाश्चात्य स्वरलिपी यंत्रास वाचता यावी म्हणून 2004 साली 'म्यूझिकएक्सएमएल' नावाचा खुला साचा प्रसिद्ध झाला. आज एका कार्यक्रमात लिहिलेला स्वरलेख दुसऱ्यात उघडतो तो त्यामुळे. आपल्या लिपीसाठी असा सर्वांनी मानलेला साचा नाही. पुस्तकांची पाने छायाचित्रांच्या रूपाने संगणकावर चढली आहेत; पण छायाचित्र यंत्रास वाचता येत नाही, त्यातून खेळ निघत नाही.

त्यात लिप्या दोन. भातखंडे लिपीत मंद्र स्वराचा बिंदू खाली असतो, पलुस्कर लिपीत तोच बिंदू वर. एकीत समेस फुली, दुसरीत एकाचा आकडा. मिरज स्थानकावर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत, आणि प्रवाशाला बोचके उचलून गाडी बदलावी लागे. तंबोऱ्यांच्या या गावाने रुळांचा प्रश्न कालांतराने सुटलेला पाहिला. लिप्यांचा प्रश्न आपण तसाच ठेविला. यंत्रयुगात मात्र तो सोडविण्यास कोणाच्याही निष्ठेस धक्का लावण्याचे कारण नाही. एकदा चीज यंत्रास कळली की ती ज्याला ज्या लिपीत हवी त्या लिपीत दाखविता येते.

आक्षेप आणि मर्यादा

आपली विद्या गुरुमुखी आहे, ती कागदावर येत नाही, हा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. मींडेची कमान कागदावर काढता येते, मींड काढता येत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्याही खुणेत मावणारा नाही. पण ज्ञानेश्वरीची छापील प्रत घरोघरी गेली म्हणून कीर्तनकाराचे महत्त्व कमी झाले नाही. उलट वाचून आलेला श्रोता त्यास अधिक चांगला मिळाला. चिजेचा सांगाडा घरी वाचून आलेला विद्यार्थी गुरूचा वेळ सांगाड्यावर दवडणार नाही; त्याला जे केवळ गुरूच देऊ शकतो ते मागण्यास तो मोकळा राहील.

दुसरा आक्षेप मोबाइलविषयीचा आहे आणि तो मी हलका मानीत नाही. हे खेळ मुलाने रोज परत यावे अशा हिशेबाने रचलेले असतात; गुणांची हाव लागली की गाणे बाजूस राहते. यंत्र वेळेच्या नेमकेपणास बक्षीस देते, आणि आपला गवई तर मात्रेच्या किंचित मागेपुढे राहूनच रंग भरतो. ब्लूटूथच्या इअरफोनमधून आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे मुलाची लय बिघडण्याचाही संभव आहे. म्हणून या खेळाची जागा अंकलिपीची आहे, ग्रंथाची नव्हे, हे प्रारंभीच ठरविलेले बरे. रोज पंधरा मिनिटे, सांगाडा आणि ताल एवढ्यापुरताच. पुढे पेटी, तंबोरा आणि गुरू.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, खबरदारी आहे. पाच रेषांच्या लिपीचा द्वेष करण्याचे आपणांस काही कारण नाही. त्या लिपीत सुरांची चढउतार डोळ्यांना दिसते, हा तिचा मोठा गुण आहे. माझ्या भाचीने ती शिकावी, जरूर शिकावी. प्रश्न एवढाच आहे की संगीत वाचावयाचे असते आणि ते फक्त त्याच लिपीत वाचता येते, अशी तिची समजूत होऊ लागली आहे. आणि कपाटातील सहा पुस्तके ती समजूत खोडून काढण्यास असमर्थ आहेत, कारण ती मुकी आहेत.

काय करता येईल

मागणी फार मोठी नाही. भातखंडे 1936 साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथावरील हक्क संपतो. तेव्हा त्यांची मूळ मराठी पुस्तके आज समाजाची झाली आहेत. नंतरच्या संपादकांनी व भाषांतरकारांनी घातलेली भर तेवढी निराळी. राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने विश्वकोश संगणकावर सर्वांस विनामूल्य खुला केला, साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपले ग्रंथ तसेच दिले. हेच धोरण स्वरलिपीस लावावे. चिन्हांचा एक साचा जाणकारांनी बसून ठरवावा. सहा भागांतील चिजा त्या साच्यात अक्षरशः टंकून, संगीतशिक्षकांकडून तपासून, कोणासही घेता येतील अशा ठेवाव्यात. खेळ सरकारने करू नये. सरकारी खेळ मुले खेळत नाहीत. सरकारने रस्ता बांधावा, गाड्या इतरेजन चालवितील. पुण्यात संगणक शिकणाऱ्या मुलांची वाण नाही, आणि त्यांपैकी कित्येकांनी लहानपणी पेटी-तबल्याच्या परीक्षाही दिलेल्या असतात.

दुसरी सूचना परीक्षा घेणाऱ्या संस्थांस आहे. 1931 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांनी खेडोपाडी संगीताची परीक्षा पोचविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. राज्य शासनाने शास्त्रीय कलांसाठी दहावीस वाढीव गुण देण्याची योजना आखल्यापासून या परीक्षांचे महत्त्व पालकांच्या दृष्टीने वाढले आहे. परीक्षेत जे विचारले जाते ते शिकविले जाते, हा शिक्षणाचा अनुभवसिद्ध नियम आहे. तो चांगला असो वा वाईट, त्याचा उपयोग करून घ्यावा. सुरुवातीच्या इयत्तांपासूनच पाच मिनिटे ठेवावीत. न शिकविलेली, आठ-दहा ओळींची सोपी चीज विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि ती संथ लयीत वाचावयास सांगावी. सूर हलला तरी चालेल, मात्रा चुकली तरी चालेल. वाचण्याचा प्रयत्न झाला पाहिजे.

असे झाले तर लाभ कोणास होईल? पुण्याच्या मुलास थोडा होईल. त्यास दोन गल्ल्या ओलांडल्या की शिक्षक मिळतो. लाभ होईल तो तालुक्याच्या गावी, जेथे पेटी आहे, हौस आहे, हाती मोबाइलही आहे, पण शिकविणारा आठवड्यातून एकदा एसटीने येतो आणि एका महिन्यात एक चीज सांगतो. भातखंडे गावोगाव हिंडले ते अशा मुलासाठी. त्यांनी मिळकत मिळविली, यादी केली, छापून ठेविली. किल्ली मात्र पुढील पिढ्यांनी घडवावयाची होती.

त्या दिवशी निघताना मी यमनाचे ते पान उघडेच ठेवून आलो. परवा बहिणीचा फोन आला. भाचीने त्या पानावरील पहिली ओळ बोटाने मात्रा मोजीत, तीन ठिकाणी अडखळत, पण कोणास न विचारता वाजविली म्हणे. चौथ्या दिवशी ती कंटाळली. तिला तेथे हिरवा ठिपका दाखविणारे कोणी नव्हते.